एका तुटक रेषेचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील संशोधक मी स्वतः आहे, त्यामुळे ते पूर्ण तटस्थपणे मांडल्याचा दावा मी करणार नाही. नागपुरातील एका शाळेत वीस वर्षे इतिहास शिकवल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मोबदला घेऊन वंशावळी शोधून देण्याचे काम सुरू केले. त्याच्या जोडीला आपल्या कुटुंबाचा इतिहास कसा शोधावा, याचा दर शनिवारी एक वर्ग घेते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, तहसील, आडनाव आणि जात वगळली आहे, आणि घटनाक्रमाला धक्का लागणार नाही अशा बेताने काही तपशील बदलले आहेत. काम देणाऱ्या गृहस्थांना मी येथे 'यजमान' म्हणणार आहे. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आपल्या वहीतल्या घराण्यांना हाच शब्द वापरतात, आणि 'ग्राहक' हा शब्द या नात्याला मला कधीच साजेसा वाटला नाही.

नागपुरात या व्यवसायाकडे माणसे दोन वाटांनी येतात. पहिली वाट हौसेची असते. घराण्याचे संमेलन, कुणाचा अमृतमहोत्सव, एखादी स्मरणिका असे काही निमित्त असते आणि त्यासाठी भिंतीवर लावता येईल असा वंशवृक्ष हवा असतो. दुसरी वाट गरजेची, म्हणजे जात पडताळणीची असते. 2001 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23 नुसार आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो, आणि तो पणजोबा-खापरपणजोबांच्या नावावर असेल तर त्यांच्याशी आपले नाते जोडून दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. तेव्हापासून जुनी दप्तरे आणि मोडी वाचणारी माणसे यांच्याकडे लोकांचे एकाएकी लक्ष गेले, आणि माझा दूरध्वनीही त्याच सुमारास फार वाजू लागला.

या दोन वाटा वेगळ्या आहेत असे मी वर्गात नेहमी सांगत आले होते. त्या एकाच घरातून निघू शकतात, हे मात्र मला या प्रकरणात प्रथमच अनुभवास आले.

नागपूर जिल्ह्यातील कागदांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व निर्णय त्यांच्या स्वरूपावर अवलंबून होते. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा सरळ सरकारला भरी, तर नागपूरकडे मालगुजारी. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन महसुलाच्या आकारणीत, गावाची मालकी मालगुजारांना देण्यात आली. गाव सोळा आण्यांचे धरले जाई आणि भाऊबंदांचे हिस्से आणे-पैंत मोजले जात. त्या हिश्शांचा तक्ता म्हणजे खेवट, आणि हिस्सेदारांच्या वतीने सारा भरणारा तो लंबरदार. ही पद्धत 1951 मध्ये संपली. वंशावळीच्या दृष्टीने खेवट हा अत्यंत बोलका कागद आहे, कारण बाप वारल्यावर त्याचा हिस्सा किती जणांत वाटला गेला हे त्यात आकड्यांत दिसते, आणि आकड्यांना घरातल्या कुणाची भीड नसते.

काम कसे आले

यजमान बँकेतून निवृत्त झालेले, जून 2023 मध्ये सुरू झालेल्या माझ्या वर्गातले एक अत्यंत नियमित विद्यार्थी होते. जानेवारी 2024 मध्ये त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी घराण्याचे संमेलन ठरले होते. त्यांची कौटुंबिक कथा सुसंगत होती. आजोबा गावाचे लंबरदार, त्यांना तीन मुलगे, आणि यजमानांचे वडील त्यांतले धाकटे. थोरल्या दोन पातींची माणसे आजही वाड्याच्या आसपास राहतात, तर धाकट्या पातीने 1950 नंतर नागपूर गाठले. मला फक्त कागदांचा आधार जोडून द्यायचा होता आणि जमल्यास लंबरदारांच्या वर दोन पिढ्या न्यायच्या होत्या.

तीस हजार रुपये ठरले, त्यांतले दहा हजार त्यांनी त्याच दिवशी दिले. लेखी काहीही झाले नाही. दर शनिवारी समोर बसणाऱ्या, वयाने वडीलधाऱ्या माणसाकडून करारावर सही घेणे मला अवघड वाटले, हे त्यामागचे खरे कारण. वंशावळ कशासाठी हवी, हे मी विचारले आणि संमेलनासाठी असे उत्तर मिळाले. तिचा आणखी कुणी, आणखी कशासाठी उपयोग करणार आहे का, हा प्रश्न मी विचारला नाही.

कागद काय सांगत होते

सुरुवात सोपी झाली. गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात यजमानांच्या वडिलांचे नाव जुलै 1922 मध्ये दाखल झालेले सापडले. जन्मतारीख 1 जुलै 1915 होती. ती गुरुजींनी शाळेच्या सोयीने घातली असणार, हे अशी रजिस्टरे पाहणाऱ्या कुणालाही कळेल. जातीचा रकाना स्पष्ट होता आणि पुढे लंबरदारांचे नाव होते. यजमानांनी त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या कामाचे भरभरून कौतुक केले.

अडचण रकान्याच्या मथळ्यात होती. तो 'बापाचे अथवा पालकाचे नाव' असा होता.

यावर थांबावे की पुढे जावे, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता. अमेरिकेतील बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स या संस्थेने वंशसंशोधनासाठी सिद्धतेचे जे निकष मांडले आहेत, ते मी वर्गात शिकवते: शक्य तेवढा सर्व शोध, प्रत्येक विधानाला आधार, पुराव्यांची छाननी व तुलना, विसंगतींचा उलगडा आणि शेवटी तर्कशुद्ध लेखी निष्कर्ष. त्या निकषांनुसार एका रकान्यावर पिढी जोडता येत नाही. व्यवहाराने पाहिले तर यजमान समाधानी होते आणि पुढचे प्रत्येक पान माझ्या वेळाच्या खर्चाने उघडणार होते. मी पुढे गेले, पण त्याचे श्रेय केवळ निकषांना देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या मथळ्याने मला झोप लागू दिली नव्हती, एवढेच.

पुढचा कागद म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यात देई आणि त्या नोंदींची ही वही असे. तिच्यात तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. बाळाचे बारसे अजून व्हायचे असल्याने त्याच्या नावाची जागा बहुतेक वेळा रिकामीच असते. त्यामुळे ही वही 'अमक्याला मुलगा झाला' एवढेच सांगते, तो मुलगा कोण हे इतर कागदांवरून ठरवावे लागते. लंबरदारांच्या नावावर 1909 मध्ये मुलगी, 1911 आणि 1914 मध्ये मुलगा, आणि 1917 मध्ये मुलगी अशा चार नोंदी मिळाल्या. दोन मुलगे म्हणजे थोरल्या दोन पातींचे मूळ पुरुष, हे त्यांच्या शाळेच्या नोंदींवरून जुळत होते. तिसऱ्या मुलाची नोंद कोठेच नव्हती. कोतवालाकडून एखादी खबर राहून जाणे अशक्य नाही, म्हणून नोंद नसणे हा मी पुरावा मानला नाही.

त्याच वहीत मार्च 1915 मध्ये त्याच आडनावाच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या एका घरात मुलगा झाल्याची नोंद होती. आणि ऑक्टोबर 1918 मधल्या पानांवर त्या घरातल्या बापाचा, चार दिवसांनी आईचा मृत्यू नोंदलेला होता. कारणाच्या रकान्यात 'ताप' लिहिले होते. 1918 च्या शरद ऋतूत आलेल्या इन्फ्लुएंझाच्या लाटेला आपल्याकडे जुनी माणसे मानमोडी म्हणत. देशात सर्वाधिक बळी गेलेल्या भागांत मध्य प्रांत होता, आणि कोतवालाच्या लेखी त्यातले जवळजवळ सगळे मृत्यू 'ताप' या एका शब्दात मावत. त्या महिन्याची पाने मी यापूर्वी अनेक गावांची पाहिली आहेत. एरवी महिन्याला दोन-चार ओळी असणाऱ्या वहीत तेव्हा पानामागून पाने भरलेली असतात आणि अक्षर घाईचे होत जाते.

या टप्प्यावर माझ्याकडे फक्त एक शंका होती. ती पक्की केली खेवटने. लंबरदार 1938 मध्ये वारले तेव्हा गावातला त्यांचा आठ आण्यांचा हिस्सा दोन मुलांच्या नावे चार-चार आणे असा चढला. तिसरा मुलगा असता तर त्याला समान वाटा मिळाला असता. मालगुजारी संपल्यावर मोबदला मिळालेल्यांतही त्याचे नाव नव्हते. तरीही यजमानांच्या वडिलांकडे गावात अकरा एकर शेती होती आणि ती 1970 नंतर विकल्याचे यजमानांना स्वतःला आठवत होते. मग ही जमीन आली कोठून?

याचे उत्तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील जुन्या सूचीत मिळाले. लंबरदारांनी 1936 मध्ये ही अकरा एकर जमीन बक्षीसपत्राने दिली होती. जमीन मालिक मकबुजा हक्काची होती, म्हणजे मालकाला ती कुणालाही मुक्तपणे देता येत होती. दस्तात घेणाऱ्याच्या नावापुढे बापाचे नाव लंबरदारांचे नव्हते. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये वारलेल्या त्या माणसाचे होते. देण्याचे कारण म्हणून घेणारा लहानपणापासून आपल्या घरी वाढला असून त्याने घरच्या शेतीची सेवा केली आहे, अशा आशयाचा मजकूर होता. जमिनीचा खसरा क्रमांक तोच होता आणि पुढच्या हक्काच्या नोंदींतून तो सरळ यजमानांच्या घरापर्यंत येत होता. त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे असण्याची शक्यताही मिटली.

दत्तकपत्र असेल का, हा प्रश्न मी अर्थातच तपासला. ते मिळाले नाही, आणि मिळण्याची अपेक्षाही नव्हती. 1956 चा दत्तक कायदा येण्यापूर्वीच्या हिंदू विधीत मूल दत्तक देण्याचा अधिकार केवळ आईबापांना होता. देणारे कुणी उरले नसेल तर दत्तकविधीच होऊ शकत नसे, त्यामुळे रूढीचा अपवाद सोडला तर पोरका मुलगा दत्तक जात नसे. लंबरदारांनी ज्याला घरात घेतले, शाळेत घातले, लग्न करून दिले आणि जमीन दिली, त्याला ते इच्छा असूनही कायद्याने मुलगा करू शकले नसते. कागदांची ही रचना कळल्यावर मला लंबरदारांविषयी जो आदर वाटला, तो यजमानांच्या मूळ कथेने वाटला नव्हता.

वर्गात झालेली चूक

बक्षीसपत्र हाती येण्यापूर्वी, नोव्हेंबरच्या एका शनिवारी, मी कोतवाल बुकातले ऑक्टोबर 1918 चे पान वर्गात सराव म्हणून दाखवले. नावे झाकली होती. त्या दिवशी यजमान लग्नाला बाहेरगावी गेले होते, आणि अप्रिय साथीच्या नोंदी कशा वाचाव्यात हे शिकवायला याहून चांगले पान माझ्याकडे नव्हते. झाकायचे राहिले ते एका कोपऱ्यातले गावाचे नाव. विद्यार्थ्यांपैकी एका बाईंचे माहेर शेजारच्या गावचे निघाले. त्यांनी कुतूहलाने विचारले, मी उत्तर टाळले, आणि टाळण्याच्या पद्धतीतूनच त्यांना जे कळायचे ते कळले. आठ दिवसांत यजमानांच्या पुतण्याच्या कानावर गेले की त्यांच्या घराविषयी मॅडमना काहीतरी 'सापडले' आहे.

यजमानांना ही गोष्ट माझ्या तोंडून कळण्याआधी उडत उडत कळली. या प्रकरणात पुढे जे काही बिनसले, त्याचे मूळ बक्षीसपत्रात नाही, येथे आहे.

पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे दोन प्रश्न एकदम उभे राहिले. पहिला, संमेलनाच्या वंशवृक्षात ही पिढी कशी दाखवायची. दुसरा पुतण्याने आणला. त्याची मुलगी बारावी विज्ञानाला होती आणि महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज भरायचा होता. थोरल्या पातीतील एकाकडे 2011 पासून वैधता प्रमाणपत्र होते. वडिलांकडील रक्तनातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर तिला मोठे वजन असते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2010 च्या एका निर्णयानंतर तर त्यावर बराच भर दिला जातो. पुतण्याला माझ्या शिक्क्यानिशी अशी वंशावळ हवी होती, जिच्यात त्याचे आजोबा लंबरदारांचे पुत्र असतील. "मॅडम, तो बक्षीसपत्राचा कागद तुम्ही पाहिलाच नाही असं धरून चाला ना," एवढेच तो म्हणाला, आणि ते त्याने उद्धटपणे नव्हे, काकुळतीने म्हटले. मुलीचे वर्ष त्याच्या डोळ्यांपुढे होते.

पहिल्या प्रश्नाबाबत सर्वांत सोपी वाट म्हणजे सरळ रेषा ओढून मोकळे होणे. समाजाने शंभर वर्षे ज्याला लंबरदारांचा मुलगा मानले, त्याला वंशवृक्षाने का नाकारावे, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला आणि तो पूर्ण पोकळ नाही असे मला आजही वाटते. कुटुंब म्हणजे केवळ रक्त नव्हे. परंतु सरळ रेषेचा वंशावळीच्या लिपीतला अर्थ ठरलेला आहे, आणि तो मी बदलू शकत नाही. दुसरी वाट सरळ रेषा ओढून खाली बारीक टीप देण्याची होती. ही मला सर्वांत अप्रामाणिक वाटली, कारण स्मरणिकेतली टीप कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होते आणि मी त्यावरच विसंबून राहिले असते. तिसरी वाट तुटक रेषेची होती: लंबरदारांपासून यजमानांच्या वडिलांपर्यंत तुटक रेषा ओढून 'पालनपोषण' असे लिहायचे, जन्मदात्यांपासून सरळ रेषा ओढायची, आणि दोन्ही घरे त्याच भाऊकीतली असण्याची दाट शक्यता, पुराव्याअभावी, अहवालात शब्दांत मांडायची. काम अर्धवट सोडून पैसे परत करणे ही चौथी वाट होती. तिने मी सुटले असते, पण यजमानांच्या हाती अर्धीच माहिती राहिली असती, आणि तीही अफवेच्या रूपात.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्या लेखी पर्याय नव्हते. पडताळणी समितीपुढे जाणारी वंशावळ हा पुरावा असतो, तिच्यात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पुढे कधी दक्षता पथकाला बक्षीसपत्र सापडले असते तर मुलीचा प्रवेशच धोक्यात आला असता. अशी भीती दाखवून मी पुतण्याला गप्प केले असते तर विषय तेथेच संपला असता. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते असे की त्याला त्या रेषेची गरजच नव्हती.

काय केले

यजमानांना मी एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्या वेळी त्यांच्याशिवाय घरात फक्त काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या. आधी वर्गातल्या चुकीची माफी मागितली आणि नंतर कागद एकेक करून, तारखांच्या क्रमाने, पुढे ठेवले. निष्कर्ष मी सांगितला नाही. बक्षीसपत्रातले बापाचे नाव त्यांनी स्वतः वाचले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारलेला एकच प्रश्न असा होता की हे बाबांना माहीत होते का. वडील तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि दस्तावर त्यांची सही होती.

लेखी अहवाल मी तुटक रेषेचाच दिला, सर्व कागदांच्या प्रमाणित नकला जोडून, आणि तो फक्त यजमानांच्या हाती दिला. तो कुणाला दाखवायचा हे त्यांनी ठरवावे, माझ्याकडून कुणाला प्रत जाणार नाही, असे सोबतच्या पत्रात लिहिले. उरलेले वीस हजार घेणार नाही, असे सांगितले. या शेवटच्या निर्णयाकडे मी पुढे वळणार आहे.

पुतण्यासाठी वेगळे टिपण केले. त्याच्या आजोबांचा 1922 चा शाळेतला दाखला हा 1967 च्या कितीतरी आधीचा आणि थेट रक्ताच्या पूर्वजाचा जातीचा पुरावा होता. मार्च 1915 आणि ऑक्टोबर 1918 च्या कोतवाल बुकातील नोंदींतही जात तीच होती. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून लंबरदारांचे नाव आले आहे ही विसंगती लपवण्याऐवजी बक्षीसपत्र जोडून ती स्वतःच उलगडावी, आणि शपथपत्राचा मसुदा वकिलांकडून करून घ्यावा, असे सुचवले. थोरल्या पातीची वैधता जोडू नये, असेही स्पष्ट लिहिले. टिपणावर सही केली, वंशावळीवर केली नाही.

परिणाम

संमेलन ठरल्या दिवशी झाले. स्मरणिकेत वंशवृक्ष छापला गेला, आणि त्यात सरळ रेषा होती. माझे नाव नव्हते. ते नसावे अशी विनंती मीच केली होती, तरी पान उलटताना वाईट वाटले. वर्गातून चार जण पुढच्या सत्राला आले नाहीत, त्यांतले दोघे यजमानांच्या परिचयाचे होते. त्या काळात पडताळणीच्या कामासाठी येणाऱ्या काही जणांनी 'तुम्ही फार खोलात जाता म्हणे' असे म्हणत दुसरीकडे जाणे पसंत केले.

पुतण्याने अर्ज आजोबांच्या स्वतःच्या कागदांवर केला. समितीने एकदा त्रुटी काढली, ती शाळेच्या रजिस्टरातल्या नावाविषयीच होती, आणि बक्षीसपत्र आधीच जोडलेले असल्याने खुलासा एका पानात झाला. मुलीला वैधता प्रवेशाच्या मुदतीत मिळाली. पेढे घेऊन आली ती मुलगी, वडील गाडीतच बसून राहिले.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट मार्चमध्ये घडली. यजमानांच्या थोरल्या बहीण, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम वर्धा, यांनी मला बोलावून घेतले. त्यांना अहवाल भावाने वाचून दाखवला होता. त्या म्हणाल्या की यात नवे काय आहे. बाबा पितृपक्षात दोन पाने वाढायचे. एक लंबरदारांच्या तिथीला, वाड्यावर जाऊन. दुसरे सर्वपित्रीला, आपल्या घरी, कुणाला न बोलावता. आईने त्यांना विचारू नको म्हणून बजावले होते, म्हणून त्यांनी विचारले नाही, पण ते पान कुणाचे हे घरातल्या बायकांना माहीत होते. भावांना कुणी सांगितले नव्हते, कारण भावांनी कधी विचारले नव्हते.

आज करायचे असते तर

लेखी करार आता मी पहिल्या दिवशी करते. त्यात वंशावळीचा हेतू, तिचा उपयोग करू शकणाऱ्या सर्व व्यक्ती, अप्रिय निष्कर्ष निघाल्यास तो कुणाला सांगायचा, आणि निष्कर्ष काहीही असला तरी मोबदला पूर्ण द्यायचा, ही कलमे आहेत. शेवटचे कलम माझ्याच चुकीतून आले. वीस हजार सोडताना मला ते औदार्य वाटले होते. प्रत्यक्षात मी यजमानांना असे सुचवले की सत्य सांगणे ही माझ्याकडून झालेली हानी आहे आणि तिची भरपाई देणे लागते. वर्गातील चुकीबद्दल काही देणे योग्य होते, पण ते वेगळे सांगून, वेगळ्या रकमेत द्यायला हवे होते.

सुरू असलेल्या कामातले कोणतेही पान, नावे झाकून का होईना, मी आता वर्गात नेत नाही. सरावासाठी स्वतःच्या माहेरच्या कागदांचा संच तयार केला आहे. त्यात माझ्या आजोबांच्या वयाविषयीची एक हास्यास्पद विसंगती आहे आणि विद्यार्थ्यांना ती फार आवडते.

आणखी एक बाब आहे आणि ती मला अधिक बोचते. पूर्वजांना क्रमांक देण्याची जी पद्धत मी शिकवते, तिच्यात व्यक्तीला 1 धरले की बापाचा क्रमांक दुप्पट आणि आईचा त्याहून एकाने अधिक असतो, म्हणजे बाप 2, आई 3, आजोबा 4, आजी 5. ही पद्धत निवडण्यामागे माझा उद्देशच हा होता की आपल्या वंशावळींतून गळणाऱ्या बायकांसाठी तक्त्यात जागा राखीव राहावी. आणि प्रत्यक्षात या कामासाठी मी सहा जणांच्या मुलाखती घेतल्या, ते सहाही पुरुष होते. वर्ध्याला जाऊन या बाईंशी जुलैतच बोलले असते, तर कागद उघडण्याआधीच मला काय शोधायचे ते कळले असते, यजमानांना ते बहिणीकडून कळले असते, आणि ऑक्टोबर 1918 चे ते पान वर्गात नेण्याचा प्रसंगच आला नसता. आता पहिली मुलाखत घरातल्या सर्वांत वयस्क बाईंची, शक्यतो स्वयंपाकघरात आणि एकटीची, असा नियम केला आहे.

संमेलनाच्या सरळ रेषेबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. अहवाल यजमानांचा होता, आणि तो छापायचा की नाही हा अधिकारही त्यांचाच होता. त्यांनी भाऊबंदांसमोर वडिलांना लंबरदारांच्या मांडीवर बसवले, यात लबाडी किती आणि कृतज्ञता किती, हे ठरवणे संशोधकाचे काम आहे असे मला वाटत नाही.

यजमान पुढल्या सत्रात वर्गाला परत आले. उरलेले वीस हजार त्यांनी पाकिटात घालून आणले आणि यावेळी करारावर सही करून नवे काम दिले: ऑक्टोबर 1918 मध्ये वारलेल्या त्या माणसाचा बाप कोण. कोतवाल बुकाची हयात पाने 1906 पासूनची आहेत, त्यामुळे त्यापलीकडे पहिल्या बंदोबस्ताच्या कागदांतल्या रयतांच्या यादीपर्यंत जावे लागेल. दर मंगळवारी ते स्वतःच अभिलेख कक्षात जाऊन बसतात. आतापर्यंत त्या आडनावाचे तीन रयत त्यांना सापडले आहेत आणि तिघांपैकी कोणता आपला, हे अजून ठरलेले नाही.